आधी उभे तर राहा!

माणूस वयाच्या पहिल्या वर्षी उभा राहायला शिकतो आणि मग तो विषय कायमचा सोडून देतो. गणित दहावीपर्यंत पाठ सोडत नाही, इंग्रजी तर जन्मभर छळतं, पण उभं राहण्याचा अभ्यासक्रम मात्र वर्षभरात आटोपतो. त्या वेळी घरातल्या मंडळींनी टाळ्या वाजवलेल्या असतात. त्यामुळे ही विद्या आपल्याला उत्तम येते, अशी प्रत्येकाची समजूत होऊन बसते. माझं भांडण आहे ते या समजुतीशी. खोटं वाटत असेल तर कुठल्याही एस्. टी. स्टँडवर जाऊन बघा. एक गृहस्थ खांबाला टेकलेले असतात. दुसरे एका पायावर सगळा भार टाकून, कंबर बाहेर काढून, पांडुरंगाचा अवमान करीत असतात. (विठोबा दोन्ही पायांवर सारखा उभा आहे, आणि तोही विटेवर!) तिसरे चौथ्या गृहस्थांच्या पिशवीच्या आधाराने तग धरून असतात. हे लोक 'उभे' आहेत, असं आपण म्हणतो ते 'अजून पडलेले नाहीत' एवढ्याच अर्थानं.

मी राहतो नृसिंहवाडीला. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्तमहाराजांच्या पादुका, बासुंदी आणि पेढे एवढी वाडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आमच्या गावात आणखी एक गोष्ट फुकट शिकायला मिळते. ती म्हणजे वाहत्या पाण्यात उभं राहणं. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरलेला पुण्यामुंबईचा माणूस शंभर पावलांवरून ओळखू येतो. पाय जुळवलेले, गुडघे ताठ, छाती पुढे आणि श्वास कोंडलेला, अशा थाटात तो उभा असतो. जणू राष्ट्रगीत चालू आहे! कृष्णामाई त्याला फार वेळ उभं ठेवत नाही. एक लाट येते आणि गृहस्थ अर्घ्य देण्याआधीच स्नान करून मोकळे होतात. शेजारीच गावातलं दहा वर्षांचं पोर उभं असतं. पाय फाकलेले, गुडघे किंचित मोडलेले, तळवे दगड चाचपणारे, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. म्हणजेच श्वासही चालू. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. ज्यांना नदीनं एकदा पाडलं, ते शिकले. (पुराच्या पाण्यात मात्र असली शिकवणी लावू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, आणि हा नियम भाविकांनाही लागू आहे. दक्षिणद्वाराचं स्नान सुद्धा दोराला हात ठेवूनच करावं.)

तर या उभं राहण्यावरून आमच्या घरात एक युद्ध झालं. त्याला कारण चीन.

आमच्या दाजींचा नातू दहा वर्षांचा. त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंग फू शिकायची हुक्की आली. वाडीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात दोन क्लास होते. दाजींनी जवळचा निवडला. तिथले मास्तर दक्षिण चीनकडच्या पद्धतीचं कुंग फू शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं. पाय खांद्यांच्या दुप्पट अंतरावर, पावलं समोर, गुडघे मोडून मांड्या जमतील तेवढ्या खाली, पाठ सरळ, मुठी कमरेशी. थोडक्यात, घोड्यावर बसल्यासारखं, फक्त घोडा काढून घ्यायचा. या बैठकीला चिनी भाषेत 'मा बू' म्हणतात आणि त्यातला 'मा' म्हणजे घोडाच. मग मास्तरांनी एक उदबत्ती लावली आणि म्हणाले, "आता ही बघत राहायचं." जुन्या काळी चीनमध्ये वेळ मोजायला उदबत्ती वापरत आणि शिष्यांना ती जळून संपेपर्यंत घोड्यावर बसवून ठेवीत, असं सांगतात. मास्तर दयाळू होते. त्यांनी पहिल्या दिवशी बोटभर उदबत्ती लावली. तरी तेवढ्यात निम्मा घोडदळ धारातीर्थी पडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उदबत्ती. आठवड्यानंतरही उदबत्ती. मास्तर काय सांगायचे, तर "खांदे सोडा. दात आवळू नका. श्वास नाकानं घ्या, खाली जाऊ द्या, आणि सोडताना घाई करू नका."

पंधराव्या दिवशी दाजी माझ्याकडे आले ते फणफणत.

"पाव्हणं, ह्या मास्तराला लात मारता येती का न्हाई, हितनं शंका हाय! पंधरा दिस झालं, पोरगं नुस्तं हुबं ऱ्हातंय. हुबं ऱ्हायला फी कशाला? आमच्या दारात हुबं ऱ्हाईल की!"

"पण दाजी, दारात किती वेळ राहील?"

"किती बी वेळ!"

मी म्हटलं, "मग तुम्हीच राहून दाखवा. आत्ता, इथं."

दाजी गडी मानी. धोतर सावरलं, पाय फाकले आणि बसले घोड्यावर. तीस मोजेपर्यंत चेहरा टोमॅटोसारखा झाला. चाळिसाला मांड्या लटपटायला लागल्या. पन्नासाला ते "ही फरशी लई गुळगुळीत हाय" असं म्हणून सोप्यावर बसले. पण मत काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी नातवाचं नाव दुसऱ्या क्लासात गेलं. तिथं पहिल्या दिवसापासून लाता होत्या, आरोळ्या होत्या, आणि दोन महिन्यांत पिवळा पट्टा होता. हळूहळू बाकीचे पालकही तिकडे वळले आणि उदबत्तीचे मास्तर पुढच्या सुट्टीत आलेच नाहीत.

या गोष्टीचा मला राग आहे, आणि तो दाजींचा नाही. दाजी बिचारे फी देणारे. राग आहे तो त्या चालीचा, जिला आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. पोराला गाणं शिकायला घातलं की तिसऱ्या महिन्यात त्यानं गॅदरिंगला म्हटलं पाहिजे. चित्रकलेला घातलं की भिंतीवर फ्रेम लागली पाहिजे. कुंग फूला घातलं की लात दिसली पाहिजे, आणि जमल्यास दहावीला क्रीडागुणही मिळाले पाहिजेत. खरं तर दिसण्यासारखं काही नसतं तेव्हाच पाया भरला जात असतो. घर बांधताना हे आपल्याला कळतं. काळ्या मातीत चार फूट जादा खोदावं लागलं तर आपण कुरकुरत का होईना, पैसे मोजतो. पोराच्या बाबतीत मात्र आपल्याला थेट गच्चीच हवी.

आता त्या 'कुंग फू' शब्दाचीच गंमत बघा. मूळ चिनी भाषेत त्याचा मारामारीशी फारसा संबंध नाही. वेळ देऊन, कष्ट घेऊन अंगात मुरवलेलं कसब, असा त्याचा अर्थ. चांगल्या आचाऱ्याच्या हातात सुद्धा कुंग फू असू शकतं. मराठीत याला प्रतिशब्द शोधायला कोशाकडे जायला नको, कोल्हापूरला जावं. तिथल्या तालमीत व्यायामाला शब्दच आहे 'मेहनत'. "मेहनत केलास का?" म्हणजे जोर-बैठका झाल्या का. मोतीबाग असो, गंगावेस असो, नवख्या पोराला कुठलाही वस्ताद पहिल्या दिवशी ढाक किंवा कलाजंग शिकवत नाही. त्याच्या हातात खोरं देतात आणि हौदातली तांबडी माती उकरायला लावतात. मग जोर, मग बैठका, मग सपाट्या, आणि पुन्हा माती. पोराला वाटतं, वस्ताद आपल्याला गडी म्हणून राबवून घेतोय. आणि तो घेतोच, पण त्या राबण्यात पोराच्या मांड्या तयार होतात, कंबर तयार होते, दम तयार होतो. शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ साली तयार झालं. तेव्हापासून तिथं जे जे पैलवान लढले, त्यांच्यातला एकही दोन महिन्यांत पिवळा पट्टा घेऊन उतरला नसावा.

खाशाबा जाधवांचंच घ्या. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेला गडी, पायाखाली आली गादी. आजचा पालक असता तर म्हणाला असता, "क्लास बदला!" खाशाबांनी चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चार वर्षांच्या मेहनतीचं ते एक पदक. आमच्या दाजींच्या नातवाकडे दोन वर्षांत सहा आहेत.

"अहो, पण पोरांना ब्रूस ली व्हायचंय," असं मला सांगण्यात येतं. अवश्य व्हावं! पण ब्रूस लीनं काय केलं ते तरी विचारा. १९७३ साली तो गेला, त्याच वर्षी त्याचा 'एंटर द ड्रॅगन' आला, आणि तेव्हापासून आजतागायत पोरं त्याच्या लाता बघून खुर्च्या मोडताहेत. हा ब्रूस ली पोरवयात हाँगकाँगला इप मान नावाच्या गुरूकडे विंग चुन शिकला. ही दक्षिण चीनचीच विद्या. तिच्यातला जो पहिला पाठ आहे, त्यात सुरुवातीला पाय रोवले की शेवटपर्यंत पाऊल हलवायचं नाही. गुडघे किंचित आत, कंबर स्थिर, आणि हात तेवढे सावकाश चालवायचे. लात एकही नाही! म्हणजे ज्याच्या लातांवर जग फिदा झालं, त्याच्या विद्येचा श्रीगणेशा पाऊल न हलवता झाला. चीनमध्ये 'दक्षिणेच्या मुठी आणि उत्तरेचे पाय' अशी म्हणच आहे. दक्षिणेकडची मंडळी फार उंच लाता मारायच्या भानगडीत पडत नाहीत. जमीन धरून उभी राहतात आणि हातांनी काम भागवतात. यामागचं शास्त्र साधं आहे. पायांमधलं अंतर जितकं रुंद आणि शरीराचा भार जितका खाली, तितका माणूस पाडायला अवघड. घागर आडवी होते, पातेलं होत नाही. हे आपल्या स्वयंपाकघरातल्या बायकांना न्यूटनच्या आधीपासून माहीत आहे.

इथं एक तिसरा पक्ष उठून उभा राहतो (तोही भिंतीला टेकूनच!). तो म्हणतो, "छट्! हे सगळं आपलंच आहे. बोधिधर्म दक्षिण भारतातून गेला आणि त्यानं चिन्यांना शिकवलं." या पक्षाशी वाद घालणं जिवावर येतं, कारण त्यात माझे निम्मे मित्र आहेत. बोधिधर्म नावाचा भिक्षू भारतातून चीनला गेला, ही परंपरा जुनी आहे आणि मानाची आहे. पण त्यानं व्यायाम शिकवला, असं सांगणारं जे पुस्तक त्याच्या नावावर चढवलं जातं, ते सतराव्या शतकातलं. म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी लिहिलेलं. चिनी अभ्यासकांनीच ती समजूत खोडून काढली आहे. आणि समजा, घटकाभर धरून चाललो की आपणच शिकवलं. मग तर लाज अधिक! ज्यांना शिकवलं ते उदबत्ती संपेपर्यंत उभे आहेत आणि शिकवणारे पन्नास आकडे मोजेपर्यंत सोप्यावर बसले. 'आमच्याकडे सगळं होतं' हे एकच आसन आपल्याला पक्कं जमतं, कारण ते आडवं पडून करता येतं.

राहता राहिला श्वास. त्याचे तर आता दुकानदार झाले आहेत. कोणी म्हणतो, श्वासानं मधुमेह घालवतो. कोणी म्हणतो, टक्कल घालवतो. (हे म्हणणाऱ्याच्या डोक्याकडे बघण्याची सभ्य माणसाला चोरी!) 'श्वास पोटात घ्या' असं हे सगळेच सांगतात. पोटात श्वास कसा जाणार? फुप्फुसं बरगड्यांच्या पिंजऱ्यात संपतात. त्यांच्या खाली श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. तो खाली सरकला की वर हवेला जागा होते, आणि खालच्या आतड्यांना सरकावं लागतं म्हणून पोट पुढे येतं. एवढंच! चिनी लोक नाभीच्या दोनतीन बोटं खाली 'दानतियेन' नावाची जागा मानतात आणि लक्ष तिथं ठेवायला सांगतात. शरीर कापून बघितलं तर तिथं तसा काही अवयव सापडत नाही. पण लक्ष तिथं गेलं की माणसाचे वर चढलेले खांदे आपोआप खाली उतरतात, हा अनुभव कोणीही घरबसल्या घ्यावा. त्याला फी नाही.

आणि श्वासाचा आणि पायांचा संबंध आहे बरं का! बाजारात हमाल पोतं उचलतो तेव्हा 'हुं' म्हणतो. तो काही पोत्याला उत्तर देत नसतो. पोटाचे स्नायू आवळून तो आतला दाब वाढवतो आणि त्या दाबाचा कण्याला आधार मिळतो. दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतातून ओकिनावाला गेलेला 'सानचिन' नावाचा एक पाठ आहे. कराटेवाल्यांना तो ठाऊक असतो. त्यात हाच दाब सावकाश, सोडत्या श्वासाबरोबर धरायला शिकवतात. मग गुरुजी शिष्याच्या खांद्यावर, मांडीवर थापा मारून बघतात की इमारत हलते का. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र श्वास कोंडून जोर लावायच्या नादी लागू नये, दाब भलतीकडेच चढतो. त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. मनगटावर बोट ठेवा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना किंचित मंदावते. म्हणून जो सावकाश सोडतो, तो शांत होतो. आमच्या वाडीत पालखीपुढे पदं म्हणतात, ती कधी ऐका. एकेक ओळ अशी लांबत जाते की म्हणणाऱ्यानं श्वास घेतला कधी, ते कळत नाही. ही मंडळी श्वासाच्या क्लासला गेलेली नाहीत. त्यांनी लहानपणापासून थोरांच्या मागे उभं राहून म्हटलं, एवढंच.

हे सगळं तुम्ही थट्टेवारी नेलंत तरी माझी हरकत नव्हती, जर आमच्या थोरल्या वहिनी पडल्या नसत्या. साठीपर्यंत वहिनी रोज घाटाच्या पायऱ्या चढत. पुराचा गाळ बसलेल्या, शेवाळलेल्या त्या पायऱ्या. हातात भरलेली कळशी. कधी पाय सरकला नाही. मग मुलांनी प्रेमानं सगळी सोय केली. नळ घरात आला, सोफा आला, कमोड आला, खाली बसायचं कामच उरलं नाही. "आता आराम करा" असं सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. दहा वर्षांनी कोरड्या ठाक फरशीवर, देवघरातून स्वयंपाकघरात जाताना वहिनी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेवाळानं ज्यांना पाडलं नाही, त्यांना सोफ्यानं पाडलं. आता त्या वॉकर धरून चार पावलं टाकतात आणि मला म्हणतात, "भावजी, पाय होते तेव्हा पाय आहेत हे कळलं नाही हो."

म्हातारपणी माणूस पडतो तो नशिबानं, असं आपण मानतो. डॉक्टर तसं मानत नाहीत. पायांची ताकद आणि तोल यांचा नियमित व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण कमी होतं, हे आता पक्कं झालेलं आहे. ते एक साधी परीक्षा घेतात. हात छातीवर बांधायचे आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजायचं. खुर्चीवर बसायची परीक्षा असती तर आपण सगळे पहिल्या वर्गात आलो असतो. परीक्षा उठण्याची आहे, म्हणून पंचाईत.

गुडघे दुखणाऱ्यांनी उद्यापासून खोल घोड्यावर बसावं, असं मी म्हणत नाही. खोली महत्त्वाची नाही. चार बोटं वाका, भिंतीजवळ उभे राहा, दुखलं तर वर या, आणि डॉक्टरांना विचारून करा. माझं मागणं त्याहून लहान आहे. सुट्टीत पोराला क्लासात घालाल तेव्हा मास्तरांना 'पट्टा कधी' असं विचारू नका. 'किती वेळ उभं करता' असं विचारा. जो मास्तर महिनाभर नुसतं उभं करतो, त्याला फी दोन रुपये जास्त द्या, कारण तो तुमच्या पोराला सत्तराव्या वर्षी लागणारी गोष्ट दहाव्या वर्षी देतोय. पोरगं कंटाळलं तर कंटाळू द्या. कंटाळा आला आणि तरी उभं राहिलं, तिथूनच कुंग फू सुरू होतं. आमच्याकडे त्यालाच मेहनत म्हणतात.

पट्टा काय, कमरेला कधीही बांधता येईल. ती कंबर ज्या पायांवर उभी आहे, त्यांची चौकशी आधी करा!